डिकीत पखवाज मावला पाहिजे

बुवांची स्विफ्ट दुकानासमोर लागली तेव्हा मागच्या सीटवर पखवाज बसला होता. खोळीत घातलेला, आडवा, आणि त्याला माणसासारखा सीटबेल्ट लावलेला. शेजारी पेटी, पेटीवर टाळांची पिशवी आणि उरलेल्या वीतभर जागेत बुवांचा मुलगा अंग चोरून बसलेला.

"डिकीत काय आहे?" मी विचारलं.

"डिकीत बास हाय," बुवा म्हणाले.

साताऱ्यात गाड्यांना साउंड बसवायचं काम मी एकोणीस वर्षं करतो आहे. डिकीची जागा खाऊन बसलेले बॉक्स रोज बघतो. पण ज्या वाद्याची धुम, म्हणजे डाव्या तोंडाचा खर्जातला नाद, ऐकायची म्हणून बास बसवला, त्याच वाद्याला त्या बासने डिकीतून बाहेर काढलं, असं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. माउलींची पालखी लोणंदला यायला चार दिवस होते. तिथून पुढे पंढरपूरपर्यंत मुक्कामाच्या गावी रात्री बुवांच्या मंडळाचं भजन असणार होतं. गाडीत चार माणसं जायची, वाद्यं जायची, अंथरूण-पांघरूण जायचं. आणि गाडीत माणसं बसत होती दोन.

डिकी उघडली. बारा इंची सबवूफरचा तयार पेटारा, पुढे पोर्टचं भोक. टेप लावून पाहिलं: २८ इंच लांब, १४ उंच, १२ खोल. म्हणजे बाहेरून ७७ लिटर. बुवांच्या स्विफ्टची अख्खी डिकी २६८ लिटरची. आकड्यांत बघितलं तर दोनशे लिटर जागा उरायला हवी, पण डिकी अशी मोजत नाहीत. पेटारा मधोमध आडवा ठेवला की त्याच्या पुढे-मागे ज्या फटी राहतात त्यांत चपला मावतात, पखवाज मावत नाही. त्यातून तो पेटारा कशालाच बांधलेला नव्हता. पंचवीस किलोचा तो लाकडी ठोकळा जोराचा ब्रेक लागला की सीटच्या पाठीवर येऊन आदळणार, आणि त्याच सीटवर मुलगा बसला होता.

जागेचं दुखणं तर होतंच, पण बुवांची खरी तक्रार आवाजाची होती. त्यांनी मोबाइलवर आपल्याच मंडळाचं रेकॉर्डिंग लावलं. "बगा, ही धुम न्हवं. हा नुसता घुमारा हाय. मी थाप मारून हात उचलला तरी ह्यो वाजतोयच. पुढची मात्रा झाकून टाकतोय."

कान किती तयार असतो बघा. पोर्टच्या बॉक्समध्ये ठरावीक सुराच्या आसपास पोर्टातली हवा स्वतःच जोरात डोलते, त्यामुळे कमी वॉटमध्ये मोठा दणका मिळतो. पण ट्यूनिंग जमलेलं नसेल तर तो दणका थापेबरोबर थांबत नाही, मागे रेंगाळतो. मला हे शिकायला काही वर्षं लागली. बुवांनी ते एका ठेक्यात पकडलं.

मुलगा इतका वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "दादा, मीच बसवून घेतला होता. पहिल्या पगारात. आण्णांना सरप्राइज म्हणून." त्यानंतर त्या पेटाऱ्याला मी एकही वाईट शब्द लावला नाही.

मी त्यांना डिकी रिकामी करायला सांगितली नाही, भरायला सांगितली. माझी ही जुनी सवय आहे. गिऱ्हाईक येतो, रिकामी डिकी दाखवतो, "कुठं पण बसवा" म्हणतो, आणि पंधरा दिवसांनी गॅसची टाकी नाहीतर पोराची सायकल आत जात नाही म्हणून परत येतो. म्हणून पेटारा काढला आणि बुवांना म्हटलं, मुक्कामाला निघताना जसं सामान लावता तसं लावा. त्यांनी पखवाज डिकीत आडवा लावला, पुढ्यात पेटी, वर टाळ, कोपऱ्यात वळकटी. मी खडूने सामानाभोवती रेघ मारली. चाकाच्या कमानीमागे डाव्या बाजूला एक खोबण रिकामी राहिली. तिथे ना पखवाज जातो ना पेटी. गाडीने आपल्याला एवढीच जागा दिली आहे, बास तिथेच बसणार, असं मी सांगून टाकलं.

मुलाने इंटरनेटवर बघितलेले दोन उपाय सुचवले. एक, स्टेपनी काढून त्या खड्ड्यात सबवूफर. ते मी करून देत नाही. रात्री दोन वाजता भजन संपवून फलटणच्या पुढे आडरस्त्याला टायर गेलं तर बास घेऊन काय करायचं? दुसरा, सीटखाली सरकवायचा आठ इंची चपटा सबवूफर. ही वस्तू चांगली आहे, कोरड्या गाडीत मी स्वतः सुचवतो. पण वारीत, आषाढात, चिखलाच्या पायांनी दिवसभर माणसं चढणार-उतरणार. सीटखालचं मॅट ओलं राहणार. तिथे ॲम्प्लिफायर असलेली वस्तू ठेवायची म्हणजे पाण्यात वायर सोडण्यासारखं.

इथे थोडं बोलू द्या, कारण जागा वाचवण्याचा सगळा हिशेब यात आहे. स्पीकरच्या जगात होफमन यांचा नियम म्हणतात तो आहे. के-एल-एच या अमेरिकन कंपनीच्या नावातला 'एच' तो त्यांचा. छोटा बॉक्स, खूप खालचा सूर आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या कुठल्याही दोन गोष्टी मिळतात, तिसरी सोडावी लागते. छोट्या बॉक्समध्ये हवा थोडी असते, ती घट्ट स्प्रिंगसारखी वागते आणि स्पीकरच्या पडद्याला खालच्या सुरापर्यंत जाऊ देत नाही. 'छोट्या डब्यात बारा इंचाचा दणका' म्हणून जे विकतात ते यातलं काहीतरी लपवून विकतात. मग आपण काय सोडायचं? ते गिऱ्हाईक काय ऐकतो त्यावरून ठरवायचं.

म्हणून मी बुवांना पखवाज वाजवायला सांगितलं, दुकानातच. ते म्हणाले, कणीक पाहिजे. वर घरी सांगितलं, बायकोने कणकेचा गोळा मळून खाली पाठवला. बुवांनी पाणी लावून तो धुमेकडच्या पुडीवर, म्हणजे चामड्यावर, थापला, थाप मारली, थोडी कणीक काढली, पुन्हा मारली. तिसऱ्या थापेला धुम लागली आणि शेजारच्या पंक्चरवाल्याने हातातलं टायर खाली ठेवलं. मी मोबाइलवरच्या मीटरवर बघितलं: त्या धुमेचा जोर साधारण ७० ते ९० हर्ट्झमध्ये होता. म्हणजे या माणसाला २५-३० हर्ट्झचा थरकाप नकोच आहे. त्याला सोडायचं ते सापडलं. अगदी खालचा सूर सोडला की आठ इंची सबवूफर आणि अकरा लिटरचा बंद बॉक्स पुरे. बंद बॉक्समध्ये पडदा थापेबरोबर हलतो आणि थापेबरोबर थांबतो. शिवाय काचा लावलेली गाडी स्वतःच खालच्या सुरांना उचलून धरते, त्याचा फायदा वेगळा.

त्या दिवशीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र यानंतर घडली.

जुनी वायर काढायला बॉनेट उघडलं. बॅटरीच्या प्लसपासून लाल वायर थेट इंजिनमागच्या पत्र्यातून आत गेलेली. पत्र्याला ड्रिलने भोक पाडलेलं, त्यात रबरी ग्रोमेट नाही, म्हणजे वायर घासू नये म्हणून भोकात बसवतात ती कडी. भोकाच्या धारेने वायरचं आवरण कापत आणलं होतं आणि आत तांबं चमकत होतं, नखाएवढं. बॅटरीजवळ फ्यूज नाही. फ्यूज एकच, मागे ॲम्प्लिफायरवर. तो ॲम्प्लिफायरला वाचवतो. पुढे वायर पत्र्याला टेकली तर त्याला काहीच कळत नाही. बॅटरीची ताकद शेकडो अँपिअरने त्या वायरमधून वाहणार, आणि वायर लाल होऊन गालिच्याला आग लागेपर्यंत थांबवणारं मध्ये कोणी नाही.

मी बॅटरीची मायनस आधी सोडली. मग दोघांना बोलावून ती जागा दाखवली. बुवा काही बोलले नाहीत. मुलाचा चेहरा उतरला. "पाटणचा घाट आम्ही ह्याच गाडीनं चढलोय," एवढंच म्हणाला. मी त्याला सांगितलं, यात तुझी चूक कणभरही नाही. पैसे मोजून काम दिलं होतंस, ते नीट करणं हे करणाऱ्याचं काम. आजही मला त्या वायरची आठवण झाली की राग येतो. ग्रोमेट दहा-वीस रुपयांचं. फ्यूजहोल्डर दोन-तीनशेचा. आमच्या धंद्यात असं काम करणाऱ्याने बॉनेटला हात लावू नये.

जुना ॲम्प्लिफायर तपासला. वर '१००० वॉट' छापलेलं, अंगावर फ्यूज २५ अँपिअरचा. २५ ला बॅटरीच्या चौदाएक व्होल्टने गुणा, साडेतीनशे वॉट होतात. एवढेच आत जाऊ शकतात, त्यातले काही तापण्यात जाणार. बाहेर हजार कुठून येणार? वॉट विचारण्यापेक्षा फ्यूज वाचावा. पण वस्तू चांगल्या स्थितीत होती आणि आपल्या आठ इंचाला पुरेशी होती, म्हणून ठेवली. मुलाच्या पहिल्या पगारातलं काहीतरी गाडीत राहिलं याचं मलाही बरं वाटलं. ॲम्प्लिफायर उजव्या बाजूच्या पॅनलमागे उंचावर बसवला, हवा लागेल असा. नवीन शुद्ध तांब्याची आठ गेजची वायर टाकली, ग्रोमेटमधून, वर नळी घालून. बॅटरीपासून वीतभरावर ३० चा फ्यूज लावला.

बॉक्स फायबरचा. खोबणीला मास्किंग टेप, वर मेण, आणि मग रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूच्या मॅटचे पाच थर. पावसाळ्यात रेझिन लवकर धरत नाही, म्हणून पोरं कोबाल्ट आणि हार्डनर वाढवायला बघतात. ती दोन्ही थेट एकत्र झाली तर भडका उडतो. माझ्या दुकानात त्या बाटल्या वेगवेगळ्या खोल्यांत असतात आणि नव्या पोराला मी पहिल्या दिवशी तेच शिकवतो. गाडी रात्रभर ठेवून घेतली, हॅलोजन लावून. बुवा आणि मुलगा एसटीने गावी गेले, पखवाज मात्र सोबत नेला.

सकाळी कवच सुटलं. अशा वाकड्यातिकड्या आकाराचं माप टेपने निघत नाही. मी बीनबॅगचे थर्माकोलचे दाणे लिटरच्या मापाने आत ओततो. साडेबारा लिटर भरले. स्पीकरची आणि आतल्या आधाराची जागा वजा जाता अकरा. त्यात उशीत भरतात तो पॉलिस्टर कापूस सैलसर भरला, त्याने बॉक्स आतून थोडा मोठा असल्यासारखा वागतो. तोंडाला १८ मिलिमीटर एमडीएफची रिंग, त्यावर स्पीकर, आणि स्पीकरवर लोखंडी जाळी. पेटीचा कोपरा पडद्यात घुसला तर सगळं फुकट, म्हणून जाळी हवीच. बॉक्स बॉडीला दोन बोल्टवर धरला. बोल्ट सोडले की पाच मिनिटांत बाहेर, मागच्या दिव्यापर्यंत हात जातो.

दुपारी बुवा आले. रेकॉर्डिंग लावलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "कणीक जरा काढा."

मला आधी कळलं नाही. मग हसू आलं आणि समजलंही. धुम जड झाली होती. सबवूफरने किती हर्ट्झपर्यंत वाजायचं ते ठरवणारा क्रॉसओव्हर मी १०० वर ठेवला होता, तो ८० वर आणला, गेन, म्हणजे त्याचा जोर, थोडा उतरवला. "अजून एक चिमूट." अजून उतरवला. आता धुम नेमकी होती, पण मागून येत होती आणि पखवाजाची उजवी, शाईची बाजू पुढच्या दारांतल्या स्पीकरमधून. एक पखवाज दोन ठिकाणी फुटला होता. ८० हर्ट्झला आवाजाची लाट सव्वाचार मीटरची, गाडीच्या लांबीपेक्षाही मोठी, त्यामुळे कानाला तिची दिशा खरं तर कळत नाही. घोळ होता तो पुढचे आणि मागचे पडदे एकमेकांच्या उलट हलत होते याचा. सबवूफरची फेज उलटी केली. धुम डॅशबोर्डवर येऊन बसली, शाईच्या शेजारी.

बुवांनी खोळ सोडली. मागचं दार उघडं ठेवून, दुकानाच्या पायरीवर मांडी घालून, गाडीतल्या स्वतःच्याच ठेक्यावर त्यांनी हात टाकला. दोन आवर्तनं दोन्ही बरोबर चालले. मग त्यांनी हात थांबवला, आणि गाडीतला पखवाजही समेवर येऊन थांबला, मागे काही न ठेवता.

सामान मुलाने लावलं. पखवाज आडवा, पुढ्यात पेटी, वर टाळ, कोपऱ्यात वळकटी. डिकी बंद करायला त्याला जोर लावावा लागला नाही. जुना बारा इंची स्पीकर पेटाऱ्यातून काढून मी त्याच्या हातात दिला. त्याने तो पुढच्या सीटवर ठेवला आणि बॉनेटपाशी आला.

"दादा, फ्यूज कुठला ते एकदा दाखवा. आणि दोन जादा द्या, वाटेत लागला तर मलाच बदलता आला पाहिजे."