आमची वाटचाल : पोत्यातल्या चाकांपासून वाळूच्या पोत्यांपर्यंत

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या शेडचं मूळ काम पीयू लायनिंगचं, म्हणजे चाकांवर पॉलियुरेथेनचं अस्तर ओतण्याचं. कन्व्हेअरचे रोलर, स्टॅकरची चाकं, ट्रॉलीची चाकं यायची. जुनं अस्तर काढायचं, नवं ओतायचं, लेथवर मापात आणायचं. उद्यानातल्या मोनोरेलची चाकं पहिल्यांदा आली तीही सिमेंटच्या पोत्यात, वर चिठ्ठी: "सहा नग, अर्जंट." आज जुन्या मोनोरेल गाड्यांची देखभाल, ओव्हरहॉल आणि कंट्रोल पॅनेल बदलणं हेच मुख्य काम झालंय. एकेक काम आधीच्या कामात राहिलेल्या उणिवेतून वाढत गेलं, म्हणून सांगतोही त्याच क्रमाने.

आधी गाडी कशी असते ते. मुंबईची चेंबूर-वडाळा मोनोरेल डोळ्यांसमोर आणू नका. पार्कातली गाडी म्हणजे लोखंडी पेटीसारखा बीम, दहा-बारा फूट उंच खांबांवर, चार-सहाशे मीटरचा गोल. त्यावर फायबरचे चार ते सहा डबे, डब्यात सहा-आठ माणसं, वेग ताशी सात-आठ किलोमीटर. वजन घेणारी चाकं बीमच्या डोक्यावर चालतात, गाइड चाकं दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात आणि वीज बीमच्या कडेने गेलेल्या डीएसएल बारमधून (वीज वाहणाऱ्या पट्ट्यांमधून) कलेक्टर शू (पट्टीवर घासत जाणारा तुकडा) उचलतो. हे डीएसएल क्रेनवाल्यांचंच.

चाकाचं अस्तर सुटतं ते बहुतेक वेळा हबच्या (चाकाच्या धातूच्या गाभ्याच्या) बाजूने. म्हणजे पीयू वाईट नसतं, चिकटवणी वाईट असते. जुनं अस्तर लेथवर काढल्यावर हब चकचकीत दिसतो. तसाच साच्यात ठेवला तर सहा महिन्यांत अस्तर टायरसारखं फिरायला लागतं. आम्ही हब सँडब्लास्ट करतो, पृष्ठभाग राखाडी आणि खरखरीत झाला पाहिजे. मग हात न लावता त्याच दिवशी बाँडिंग एजंट (चिकटवणारं रसायन). हब आणि साचा १०० ते ११० अंशांवर तापवायचा, प्रीपॉलिमर (पीयूचा पातळ कच्चा माल) साधारण ८० अंशांवर, मिश्रणातली हवा व्हॅक्यूममध्ये काढायची आणि ओतायचं. नंतर भट्टीत १०० अंशांना सोळा तास. क्युरिंगसाठी (पीयू घट्ट करण्यासाठी) जो मोका नावाचा पदार्थ वापरतात तो कॅन्सरकारक आहे. त्याची भुकटी उडणार नाही अशी व्यवस्था, हातमोजे आणि एक्झॉस्ट याशिवाय हे काम कोणी करू नये. स्वस्तात करून देणारे नेमकं इथेच वाचवतात.

कडकपणा ९२ ते ९५ शोअर ए (रबरासारख्या वस्तूंचा कडकपणा मोजायचं माप). पीयूचा प्रकारही विचारून घ्यावा. पॉलिएस्टर जातीचं घासायला चिवट, पण दमट उष्णतेत काही वर्षांनी ते आतून विरघळल्यासारखं होतं, नखाने तुकडा निघतो. बाहेर पावसात उभ्या राहणाऱ्या गाडीला पॉलिईथर बरं. आणि मे महिन्यात गाडी रात्रंदिवस एकाच जागी उभी ठेवू नका. चाकाला चपटा डाग बसतो आणि पुढचे आठ दिवस गाडी ठक-ठक चालते. सकाळ-संध्याकाळ हातभर पुढे घेतली तरी पुरतं.

ते सहा नग बसवले आणि पंधरा दिवसांत दोन मोटारी जळाल्याची तक्रार आली. दोन्ही मोटारी नव्या चाकांच्याच डब्यांच्या. सगळ्यांना वाटलं चाकं जड चालताहेत. कारण वेगळं होतं. जुनी चाकं झिजून २९४ मिलिमीटरला आली होती, आमची नवी पूर्ण ३००. डबे एकमेकांना जोडलेले, म्हणजे सगळ्या गाडीचा वेग एकच. मोठं चाक त्याच वेगाला कमी फेरे घेतं, म्हणून त्याची मोटार हळू फिरते. फोर पोल इंडक्शन मोटारीचा सिंक्रोनस वेग (जवळपास बिनभाराचा) मिनिटाला १५०० फेरे, पूर्ण भाराला १४४०, म्हणजे सगळा खेळ ६० फेऱ्यांचा. व्यासात दोन टक्के फरक म्हणजे ३० फेरे. भाराचा अर्धा पल्ला इथेच गेला. नवी चाकं जुन्यांचंही ओझं ओढत होती. त्यावर, एकाच व्हीएफडीवर (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) चारही मोटारी आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की वीज तोडणारा) मात्र सगळ्यांना मिळून एकच. एक मोटार दीडपट करंट घेते तेव्हा बाकीच्या कमी घेतात, बेरीज तेवढीच राहते, रिलेला काही कळत नाही.

तेव्हापासून दोन नियम. ड्रायव्हिंग चाकं सेटनेच बदलायची, एका गाडीत व्यासाचा फरक एक मिलिमीटरच्या आत. नवं सुटं चाक टाकायचंच असेल तर ते जुन्यांच्या मापाला टर्न करून. आणि प्रत्येक मोटारीला स्वतःचा ओव्हरलोड रिले. चाकांच्या मापाची वहीही तेव्हाच सुरू झाली: गाडी, डबा, जागा, व्यास, शोअर, तारीख.

बेअरिंगबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गाइड चाकांत ६२०५ टू-आरएस, दोन्ही बाजूंनी सील असलेली. ती मरतात ती धुण्याने. पार्कात रोज सकाळी प्रेशर पंपाने डबे धुतात आणि धार थेट चाकांवर. सीलमधून पाणी आत, आठवड्यात गंज. बादली आणि फडकं वापरा.

ट्रॅकचं काम आम्ही सुरुवातीला घेत नव्हतो. घ्यावं लागलं, कारण नवी चाकंही एका बाजूने खाल्ली जात होती. मराठवाड्यात बीमला दोन शत्रू. पहिलं ऊन. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात लोखंडाला हात लावता येत नाही आणि जानेवारीच्या पहाटे तोच बीम बर्फासारखा. पन्नास अंशांचा फरक धरला तर बारा मीटरचा बीम सात मिलिमीटर वाढतो. जॉइंटमध्ये तेवढी जागा पाहिजे आणि ती मोकळी पाहिजे. बऱ्याच ठिकाणी पेंटरने गॅपमध्ये पुट्टी भरून "फिनिशिंग" केलेलं सापडतं. मग बीम ढकलायला जागा शोधतो आणि वळणावर खांबाच्या डोक्याचे बोल्ट वाकवतो. डीएसएल बारलाही तोच हिशोब लागू, त्याच्या एक्स्पान्शन जॉइंटमध्ये पट्टी अडकली की शू तिथेच तुटतो.

दुसरी काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मीटर-दीड मीटरच्या उथळ पायावर उभा केलेला खांब दरवर्षी वर-खाली होतो. नवीन खांब घालायचा असेल तर अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगवटा असलेला खोल पाया), खोल काळ्या मातीत साडेतीन मीटरपेक्षा वर थांबायचं नाही. जुन्या खांबांना उपाय एकच, मोजत राहणं. मेअखेर आणि सप्टेंबरअखेर लेव्हल लावून प्रत्येक खांबाचं डोकं मोजतो. शेजारच्या दोन खांबांत मागच्या नोंदीपेक्षा पाच मिलिमीटरहून जास्त फरक पडला की बीमखाली शिम प्लेट (उंची जुळवायची पातळ पट्टी). एकाच मोसमातलं माप बघून शिम घालू नये. सप्टेंबरात वर आलेला खांब मेपर्यंत आपोआप खाली बसतो.

बोगीच्या फ्रेमला (चाकं धरणाऱ्या सांगाड्याला) तडा गेला की त्यावर नुसता वेल्डिंगचा थर चढवायचा ही जुनी सवय. वरून झाकलं जातं, आत तडा चालूच. आमची पद्धत: डीपी टेस्ट, म्हणजे रंगीत द्रवाने तडा शोधायची चाचणी, करून तड्याचं टोक नक्की करायचं (लाल पेनेट्रंट दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, पुसायचा, तडा उठून दिसावा म्हणून पांढरा डेव्हलपर), टोकाला ड्रिल मारून तडा थांबवायचा, ग्राइंडरने मुळापर्यंत उकरायचा आणि ओव्हनमध्ये सुकवलेल्या ७०१८ वेल्डिंग रॉडने भरायचा. मग पुन्हा डीपी. एकाच जागी दोनदा तडा गेला तर वेल्डरला बोल लावू नका, तिथला जॉइंट किंवा खांब तपासा.

आता ब्रेक, कारण अपग्रेडच्या नावाखाली सर्वांत जास्त नासधूस इथे होते. या मोटारींना स्प्रिंगने बसणारा आणि विजेने सुटणारा ब्रेक असतो. वीज गेली की गाडी थांबते, हे त्याचं चांगलं. कॉइलला डीसी लागतो, म्हणून टर्मिनल बॉक्समध्ये छोटा रेक्टिफायर असतो. २३० व्होल्ट एसीतून हाफ-वेव्हने साधारण १०३ व्होल्ट डीसी. मूळ जोडणीत हा रेक्टिफायर मोटारीच्याच टर्मिनलवरून वीज घेतो. जुना स्टार्टर काढून व्हीएफडी बसवला आणि ही जोडणी तशीच ठेवली की झालं. व्हीएफडी सुरुवातीला कमी फ्रिक्वेन्सीला कमी व्होल्टेज देतो, ब्रेक पुरता सुटत नाही, गाडी ब्रेक घासत निघते. प्रवाशांना कळत नाही, वास मात्र येतो. ब्रेकची वीज वेगळ्या लाइनने, व्हीएफडीच्या रिले आउटपुटवरून चालणाऱ्या कॉन्टॅक्टरमधूनच द्यावी. आणि तो कॉन्टॅक्टर रेक्टिफायरच्या डीसी बाजूलाही तोडणारा हवा. नुसती एसी बाजू तोडली तर कॉइलमधला करंट फिरत राहतो आणि ब्रेक उशिरा बसतो. आम्ही ओव्हरहॉलला एअर गॅप फिलर गेजने ०.३ मिलिमीटर ठेवतो. लायनिंग झिजेल तसा तो वाढतो, फार वाढला की कॉइल प्लेट ओढूच शकत नाही.

कलेक्टरचं महत्त्व मुंबईच्या गाडीने सगळ्यांना दाखवलं. १९ ऑगस्ट २०२५ ला म्हैसूर कॉलनीजवळ गाडी अडकली, तेव्हा १०४ टन क्षमतेवर १०९ टन भार झाला होता आणि गाडी दबल्याने पॉवर रेल व करंट कलेक्टरचा संपर्क तुटल्याचं कारण दिलं गेलं. पार्कात आकडे लहान, गोष्ट तीच. रविवारी आठच्या डब्यात आठ मोठे आणि मांडीवर पाच पोरं. जुनी स्प्रिंग आधीच बसलेली, डबा खाली येतो आणि शूच्या आर्मचा पल्ला संपतो. म्हणून स्प्रिंगची मोकळी उंचीही वहीत.

अर्थिंगचा मुद्दा इथेच. पीयूची चाकं गाडीला बीमपासून विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवतात. लोखंडावर उभी आहे म्हणून अर्थ आहे, असं धरून चालता येत नाही. चौथा बार अर्थचा असतो, त्याचा शू झिजला तर गाडी अगदी व्यवस्थित चालत राहते, तक्रार कोणी करत नाही. आम्ही अर्थला प्रत्येक गाडीत दोन शू बसवतो आणि महिन्याला डब्याच्या चासिसपासून अर्थ पिटपर्यंत रेझिस्टन्स मोजतो.

कंट्रोल बदलताना पीएलसी (प्रोग्रामवर चालणारा कंट्रोलर) आणि टचस्क्रीन सगळ्यांना हवा असतो. द्या, पण इमर्जन्सी स्टॉप आणि गाड्यांमधलं अंतर साध्या पीएलसीच्या प्रोग्रामवर सोडू नका, ती साखळी सेफ्टी रिलेतून, तारेने. गोलावर दोन गाड्या असतील तर निदान तीन ब्लॉक (ट्रॅकचे वेगळी वीज असलेले भाग), पुढचा ब्लॉक रिकामा असल्याशिवाय मागच्याला वीज नाही. बायपासची किल्ली ऑपरेटरकडे नको. फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ५ जुलै २००९ ला सांधा न बदलता मागे घेतलेली गाडी दुसरीवर आदळली आणि एका चालकाचा जीव गेला. तिथली यंत्रणा आमच्यापेक्षा शंभरपटीने मोठी. गाडी मागे घेताना नेहमीची रोखणारी यंत्रणा बाजूला राहते, आपल्याकडे मागे घेण्याचा प्रसंग वीज गेल्यावर येतो. जनरेटर चालू होईपर्यंत बंद डब्यात मे महिन्याचं ऊन असतं. ब्रेकची हाताने सोडायची दांडी, ओढायची ट्रॉली, शिडी आणि पाण्याचे जार पार्कातच हवेत.

ओव्हरहॉलला आम्ही जूनचा दुसरा पंधरवडा मागतो. शाळा उघडतात, गर्दी ओसरते. दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतात, मग जानेवारीपर्यंत कोणी गाडी देत नाही. शेवटचे दोन दिवस चाचणीचे. प्रत्येक सीटवर ७५ किलोचं वाळूचं पोतं, आधी रिकामी गाडी, मग अर्धी, मग पूर्ण. ताशी आठ किलोमीटरला वीज तोडली की गाडी साडेतीन मीटरच्या आसपास थांबायला हवी, आणि प्रत्येक मोटारीचा करंट क्लॅम्प मीटरने बघून एकमेकांच्या दहा टक्क्यांत असायला हवा. मग एकदा पाणी मारून बीम ओला करून तेच सगळं. ओल्या बीमवरचं थांबण्याचं अंतर कोरड्यापेक्षा वाढतंच. ते वहीत वेगळ्या रकान्यात लिहून ऑपरेटरच्या केबिनमध्ये चिकटवतो, पावसात वेग किती ठेवायचा ते त्यावरून ठरतं.