आमची वाटचाल : इयत्ता नाही, पायरी

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आम्ही फक्त मुलांच्या पुस्तकांचं दुकान टाकलं, तेव्हा ओळखीपाळखीचे सगळे एकच विचारायचे, "चालेल का?" 1840 पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या गावात वाचकांची वानवा पडणार नाही, याची आम्हाला खात्री होती. ग्राहक आलेही. अडचण निराळीच निघाली. आईवडील यायचे आणि इयत्ता सांगायचे, "दुसरीतल्या मुलीसाठी काहीतरी द्या." एकाच वर्गातली एक मुलगी अजून काना-मात्रा लावत असते आणि तिच्या शेजारची सलग वीस पानं वाचते. वय विचारून चप्पल देता येत नाही, तसंच हे.

म्हणून प्रकाशकांप्रमाणे लावलेली कपाटं आम्ही मोडली आणि वाचनाच्या पायऱ्यांप्रमाणे पुन्हा लावली. पुस्तकाच्या पाठीवर रंगीत पट्टी, बस्स. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाच्या गोष्टी चार पातळ्यांत असतात: पहिलीत 250 शब्दांच्या आत, दुसरीत 600 पर्यंत, तिसरीत 1500 पर्यंत, चौथीत त्याहून मोठ्या. आम्हाला सुरुवातीला याचा फार आधार झाला. पण मराठीत नुसते शब्द मोजून भागत नाही. 'घरासमोरच्या' हा मोजायला एकच शब्द. नुकतं वाचू लागलेलं मूल त्यात तीनदा थांबतं.

त्यात आपला 'र'. सूर्य, चक्र, ट्रक, कुऱ्हाड या चार शब्दांत त्याची चार रूपं. 'सूर्य' म्हणताना र आधी उच्चारायचा आणि तो दिसतो मात्र नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर. म्हणून आमच्या पहिल्या कपाटात जोडाक्षरं जवळपास नाहीत. तिथे मोठा टाइप, पानावर एकदोन ओळी आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा. चित्रावरून शब्दाचा अंदाज बांधता आला पाहिजे.

खरी गंमत पुढे आहे. मराठी बरीचशी लिहिली तशीच वाचली जाते. त्यामुळे बाराखडी आणि जोडाक्षरं बसली की मूल वर्तमानपत्रही फडाफडा वाचून दाखवतं. घरचे खूश होतात आणि जाडजूड पुस्तक मागतात. अशा वेळी आम्ही मुलाला जवळ बसवतो आणि चार वाक्यं वाचायला देतो.

मनी पळाली.
मनी पळत पळत गच्चीवर गेली.
मनी गच्चीवर गेली खरी, पण खाली यायची वाट तिला सापडेना.
रिकाम्या वाटीकडे पाहत आजी म्हणाली, "आज कुणी दूध मागायला आलं नाही."

चौथ्या वाक्यात एकही अवघड शब्द नाही. तरी मनी हरवली आहे आणि आजीला तिची आठवण येते आहे, हे वाचणाऱ्यानंच ओळखायचं असतं. चढण आता अक्षरांची उरलेली नसते, न सांगितलेलं ओळखण्याची असते. "आजीला काय झालंय?" या प्रश्नावर मूल गप्प राहिलं, तर त्याला अजून एक पायरी खालचंच पुस्तक हवं. त्यात कमीपणा काहीच नाही, हे आम्ही पालकांना अगदी कळकळीनं सांगतो. वाचून झालेलं सोपं पुस्तक मूल पुन्हा पुन्हा मागत असेल तर द्यावं. वेग त्यातूनच येतो.

घरी करता येण्यासारखी एक परीक्षाही सांगतो. एक पान वाचताना अडेल त्या शब्दाला एक बोट मुडपायचं. पाचही बोटं मुडपली, तर ते पुस्तक आज तुम्ही वाचून दाखवा. त्याचं त्यानं वाचायला थोडे दिवस थांबा.

पेठ, सुरगाणा तालुक्यांतल्या शाळांमध्ये प्रदर्शनं लावू लागलो तेव्हा आमच्या पट्ट्याही अपुऱ्या पडल्या. घरी कोकणा बोलणाऱ्या मुलांना, बागलाणात अहिराणी बोलणाऱ्यांना, पुस्तकी मराठीतलं साधं वाक्यही एक पायरी वरचं असतं. तिथे आम्ही आधी गोष्ट तोंडी सांगतो, मुलांना ती त्यांच्या बोलीत परत सांगू देतो आणि मगच पुस्तक हातात देतो. गुरुजी, बाई यांनी ही पद्धत पुढे वर्गातही चालू ठेवली, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

चित्रांची पुस्तकं संपली आणि कादंबरी अजून झेपत नाही, या मधल्या पायरीवर मराठीत आम्हाला पुस्तकं फार थोडी मिळतात. छोटी छोटी प्रकरणं, पानाआड एखादं चित्र, अशी. ते कपाट आजही अर्धं रिकामं आहे, म्हणून आता आम्ही स्वतःच छापायचं ठरवलंय. कच्चा मजकूर आधी मुलांना वाचायला देतो, बोट जिथे थांबतं तिथे पेन्सिलीनं खूण करतो आणि ती वाक्यं लेखकाकडे परत जातात. पहिला संच जूनमध्ये शाळा उघडायच्या आत छापखान्यात द्यायचा आहे.