सल्फेटच्या खतानं ग्रॅफाइटचे पापुद्रे सोडवणं : तिसरी खेप

खताच्या पाण्यात वीज सोडून ग्रॅफाइटचे पातळ थर सुटे करायचे आहेत. पहिल्या खेपेला पॉझिटिव्हला शिसपेन्सिलीची कांडी लावली होती. (नावातच काय ते शिसं, आत ग्रॅफाइट आणि चिकणमाती.) भाजून घट्ट झालेल्या मातीमुळं पापुद्रे सुटलेच नाहीत, कांडीचे तुकडे पडले. दुसऱ्या खेपेला टॉर्चच्या सेलमधला कार्बनचा दांडा. त्यातले कण चहूदिशांना बसलेले, म्हणून पाणी काळं झालं पण हाती नुसती भुकटी.

या खेपेला गॅस्केटची ग्रॅफाइट शीट आणली. आत स्टीलचा पत्रा असलेली घेऊ नका. १ सेंमी रुंद पट्टी पॉझिटिव्हला, स्टीलचा चमचा निगेटिव्हला, मध्ये ३ सेंमी अंतर. ५०० मिली बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड, आम्ल नव्हे), त्यात ६.६ ग्रॅम अमोनियम सल्फेट. कृषी केंद्रातलं खत चालतं, फक्त विरघळवून गाळून घ्या. आधी २.५ व्होल्ट १ मिनिट, मग १० व्होल्ट. पट्टी कडेकडेनं फुगते आणि काळे पापुद्रे गळू लागतात.

कडेनंच का? थरात प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांना ०.१४२ नॅनोमीटरवर पक्का बांधलेला. तिथं काही शिरत नाही. दोन थरांत मात्र ०.३३५ नॅनोमीटरची फट आणि नुसती हलकी ओढ. त्या फटीत सल्फेट आणि पाणी घुसतं, तिथं वायू होतो आणि थर उचलले जातात. आपल्या काळ्या रानाची मातीही पदरांत पाणी शिरूनच फुगते. इथं ढकलायला वायूही आहे.

बोअरचं पाणी वापरलं तर चमच्यावर पांढरा थर चढतो, जडपणाचा. पॉझिटिव्हचा चिमटा पाण्याला टेकला की तांबं विरघळून पाणी निळसर होतं. ती खेप फेकून द्यावी. खिडकी उघडी ठेवा, हायड्रोजन निघतो. खताऐवजी मीठ अजिबात नको, क्लोरीन होतो.

गाळ चार पाण्यांनी धुऊन गाळणकागदावर वाळवला. मल्टीमीटरचा आकडा सारखा उड्या मारत होता. चमच्याच्या पाठीनं दाबून घोटल्यावर रोध उतरला आणि आकडा स्थिरावला. प्रत्येक कार्बनचा चौथा इलेक्ट्रॉन थरातल्या थरात मोकळा फिरतो, थर ओलांडताना अडतो. घोटल्यानं पापुद्रे आडवे पडून एकमेकांवर बसतात.

याला ग्राफीन (ग्रॅफाइटचा एकच सुटा थर) म्हणायची घाई नको, बरेचसे पापुद्रे अजून अनेक थरांचे आहेत. रात्रभर ठेवल्यावर जाड तळाला बसले. वरचं पाणी सकाळीही काळंच होतं. चौथ्या खेपेला तेवढंच वेगळं काढायचं.