सूत, फूट आणि सातबारा

सहावीच्या वर्गात फळ्यावर १/२ + १/८ लिहिलं की बहुतेक वह्यांत एकच उत्तर उतरतं: २/१०. वरचे वर मिळवायचे, खालचे खाली. मुलांच्या लेखी १/८ ही एक संख्या नसतेच. एक आणि आठ अशा दोन संख्या, मध्ये रेघ. म्हणून तर १/८ हा १/४ पेक्षा मोठा, कारण आठ चारापेक्षा मोठे.

भाकरीची चित्रं काढून झाली होती. चित्र रंगवायला सांगितलं की सगळे बरोबर रंगवतात, बेरीज आली की पुन्हा २/१०. आणि भाकरीची एक अडचण कुणी बोलून दाखवत नाही: ५/४ आलं की ती संपते. 'मॅडम, चार तुकड्यांतले पाच कसे घ्यायचे?' हा प्रश्न मुलं दरवर्षी विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे.

त्या दिवशी शाळेच्या खिडक्यांना ग्रिल बसवायचं काम चालू होतं. कटरच्या आवाजात शिकवणं म्हणजे शिक्षाच. आवाज थांबला तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "दोन सूत कमी काप रे!" वर्गात एक मुलगा आहे, त्याचे वडील हेच काम करतात आणि सुटीत तो त्यांच्या हाताखाली असतो. गणितात यथातथाच. त्याला विचारलं, दोन सूत म्हणजे किती?

"पाव इंच. इंचाचे आठ सूत."

मग अर्धा इंच आणि एक सूत?

"पाच सूत." बोटंसुद्धा मोजली नाहीत. त्याच्याच वहीत, त्याच बेरजेपुढे २/१० होतं. मी फळ्यावर शेजारी ५/८ लिहिलं आणि विचारलं, २/१० हे अर्ध्याहून कमी की जास्त? दहातले पाच म्हणजे अर्धा, हे त्याला येत होतं. वहीकडे बघत म्हणाला, "अर्ध्यात अजून घातलं आन् अर्ध्याच्या खाली गेलं?" आणि खाडाखोड सुरू.

बाहेरच्या कारागिरांकडून टेप मागून आणली. इंचाच्या बाजूच्या रेघा मुलांनी मोजून पाहिल्या. १/८ इंच कुठे, १/४ कुठे, हे बोट ठेवून दिसल्यावर मोठं कोण हा वादच उरला नाही. ५/४ तर सरळ सव्वा इंचावर जाऊन बसला, 'दहा सूत' म्हणून. अंशाधिक अपूर्णांक इतक्या बिनबोभाट कधीच गळी उतरला नव्हता.

मग १/३ + १/४ दिलं. आमचे सूतवाले अडकले. इंचाचा तिसरा भाग सुतावर येत नाही, दोन सूत आणि तीन सूत यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग इंच कशाला, फूट घ्या ना." फुटाचे बारा इंच. तिसरा भाग चार इंच, चौथा भाग तीन इंच. सात इंच.

मी ७/१२ लिहिलं आणि मागून आरोळी आली, "सातबारा!" पुढची पाच मिनिटं कुणाच्या उताऱ्यावर कुणाचं नाव चढलंय यातच गेली. शेतकऱ्यांच्या पोरांपुढे हा आकडा लिहिल्यावर दुसरं काय होणार?

शेवटचं उदाहरण मुद्दाम अवघड दिलं, १/५ + १/३. सूत चालेना, फूटही चालेना; बारा इंचांचे पाच सारखे भाग पूर्ण इंचांत पडत नाहीत. कुणीतरी म्हणालं, आपलीच टेप करू. रद्दीतल्या कागदाच्या लांब पट्ट्या कापल्या. पण घरं किती पाडायची? दहा पाडली तर तिसरा भाग येईना, बारा पाडली तर पाचवा. बरीच भांडणं होऊन गाडी पंधरावर आली. पाचवा भाग तीन घरं, तिसरा भाग पाच घरं, मिळून आठ. ८/१५.

मी पंधराला गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'लसावि'. ही मुलं लसाविची उदाहरणं कधीपासून धडाधड सोडवत होती. ग्रिलवाल्याचा मुलगा फळ्याकडे बघत राहिला.

"हा लसावि होय? मला वाटलं ते येगळंच गणित हाय."