एस्टीम, भाग ४: इंजिन पास, पत्रा नापास

जुनी गाडी घेऊन छंद म्हणून नीट करायची आहे. मागच्या भागात सिटी, पॅलिओ आणि मारुती एस्टीम या तिघींपैकी एस्टीमवर बोट ठेवलं होतं. २००४ ची व्हीएक्सआय, एमएच-०८ पासिंग, रंग मूळचाच वाटावा असा. रविवारी ती रत्नागिरीत टू-पोस्ट लिफ्टवर चढली आणि वीस मिनिटांत निकाल हाती आला. मागच्या डाव्या स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाच्या, माथ्यावर टोच्या ठेवून हलकेच दाबला, तो आरपार.

आधी इंजिनाचं सांगून टाकू, कारण तेवढाच भाग गोड आहे. १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ८५ बीएचपी. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, घेताना इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा रिले काढलेला, कॉइलचं कनेक्शन सोडवलेलं, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला आणि बॅटरी भरलेली. आकडे आले १८४, १८२, १८६, १८१ पीएसआय. नव्या इंजिनाला १९९ च्या आसपास मिळतात, १७० च्या खाली गेलं तर काम काढायचं, आणि सिलिंडरांमध्ये १४ पेक्षा जास्त फरक नको. विशी ओलांडलेल्या इंजिनाकडून याहून जास्त मागणं म्हणजे हावरटपणा. आयडल वरखाली होत होतं, ते थ्रॉटल बॉडी आणि आयडलचा एअर व्हॉल्व्ह धुतल्यावर थांबलं. गिअरचा दांडा भाताच्या टोपात पळी फिरावी तसा फिरत होता. लिंकेजचे बुश बदलले, चहा-वड्याच्या पैशात काम झालं आणि आता दुसरा गिअर टक्कन पडतो.

बाकीच्या दोघी का गळल्या तेही थोडक्यात. सिटी १.५ व्हीटेक, १०६ बीएचपी, आजही पळायला तिघींत सरस. पण मालकांना ते ठाऊक आहे आणि पाऊण लाखात मिळते ती फक्त नावापुरती सिटी. पॅलिओ १.६ चं स्टिअरिंग आणि इंजिन लाजवाब, पण ट्रिमचा एखादा क्लिप किंवा दाराचं रबर तुटलं की महिनाभर फोनाफोनी. आयकॉन १.६ पहिल्याच फेरीत बाद झाली होती, तरी कोणी घेत असेल तर प्लॅस्टिकचं थर्मोस्टॅट हाउसिंग आधी तपासा, ते तडकतं आणि इंजिन तापवतं. एस्टीम बंद झाली २००७ ला, पण तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. शिवाय वजन पावणेनऊशे किलोच्या घरात, म्हणजे आंबा घाटात ८५ घोडेही पुष्कळ. रॅलीवाल्यांनी ती इतकी वर्षं उगाच नाही वापरली.

आता पत्रा. किनाऱ्यावर गाडी का सडते याचं एक सोपं गणित आहे. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि साधारण ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःच विरघळतं. कोकणात पहाटेची हवा बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. म्हणजे पाऊस नसला तरी पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर रोज बसतो. दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं तिथे हे पाणी शिरतं आणि सुकत नाही. त्यात तांबडी माती सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीच्या, भोकांत बसते, वायपरखालच्या काऊलमध्ये सुरूच्या काड्या अडकतात. पाण्याला बाहेर पडायची वाटच उरत नाही.

आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे काळं रबर कोटिंग. नव्या पत्र्यावर ते उत्तम. गंजावर मारलं की वरून गाडी छान काळी दिसते, आत पत्रा पापडासारखा होतो. या एस्टीमला ताजं कोटिंग होतं, तीच पहिली शंका. विकायच्या आधी महिनाभरात अंडरकोटिंग झालेली गाडी दिसली की किंमत विचारूच नका, स्क्रेपर मागा.

तपासणीचा क्रम असा ठेवा. पातळ फडक्यात गुंडाळलेलं कमजोर चुंबक, फ्रिजवरचं चालतं, सिलवरून आणि मागच्या चाकांच्या कमानींवरून सरकवा. सुटलं तिथे खाली पुट्टी आहे. जोरदार चुंबक वापरू नका, ते दोन मिलिमीटर पुट्टीवरूनही धरतं आणि फसवतं. मग छोट्या हातोडीच्या दांड्याने ठोका: चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला भद्द. त्यानंतर टोच्या, पण मालकाची परवानगी घेऊन. शेवटी मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप सिलच्या भोकातून आत घाला. हजारभर रुपयांचं खेळणं आहे, पण या छंदात त्याच्याइतके पैसे वाचवणारं हत्यार दुसरं नाही. आतली भिंत तपकिरी डागांची असेल तर चालेल; थर सुटलेले, पानासारखे पापुद्रे दिसले तर उठा.

एस्टीममध्ये खास पाहायच्या जागा: बॅटरीच्या ट्रेखालचा ॲप्रन (इंजिनाशेजारचा आतला पत्रा), ड्रायव्हरच्या कार्पेटखालचा पत्रा, दाराच्या पुढच्या खांबाचा तळ, डिकीतला स्टेपनीचा खड्डा आणि मागच्या स्ट्रटचे माथे. मागेही स्ट्रटच असल्याने तो माथा निव्वळ झाकण नाही, सगळा मार तो खातो. तिथला गंज म्हणजे सुरक्षेचा प्रश्न. मागची सीट आणि बाजूचं ट्रिम काढल्याशिवाय तो दिसत नाही, आणि बहुतेक जण तेवढं काढत नाहीत. या गाडीत डावा माथा रुपयाएवढा आरपार, उजवा फुगलेला, दोन्ही सिलचा मागचा हातभर भाग गेलेला, ड्रायव्हरखाली दोन भोकं.

दुरुस्त होतं का? होतं. स्ट्रटच्या माथ्याला १.२ मिमी सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेला) पत्रा, गाडीच्या जमिनीला ०.९ मिमी. गंजलेला भाग चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचा, त्यावर ठिगळ मारायचं नाही. कापण्याआधी दोन्ही माथ्यांमधलं अंतर आणि कर्ण मोजून लिहून ठेवा, दारांच्या फटी मोजा, सिल कापताना दाराच्या चौकटीत चौकोनी पाइपचा आडवा टेकू टॅक करा, म्हणजे दोन-चार टाक्यांवर तात्पुरता जोडा. नाहीतर नंतर दार लागणार नाही. बॅटरी आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) सोडवा, पेट्रोल टाकी खाली उतरवा. ०.८ मिमीची मिग (गॅसच्या आडोशात तार वितळवणाऱ्या वेल्डिंगची) तार, करंट ४५ ते ६० अँपिअर, एका वेळी १० ते १५ मिमीचा टाका आणि लगेच दुसरीकडे. दुहेरी पत्र्याला ८ मिमीची भोकं दर २५-३० मिमीवर पाडून ती वेल्डने भरायची, म्हणजे प्लग वेल्ड. दोन पत्र्यांच्या मध्ये जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर, म्हणजे वेल्डिंगआधीच मारायचा. गॅस आणि पितळेच्या कांडीने माथा जोडून देणारे अजून आहेत. त्यांना सायलेन्सर द्या, स्ट्रट देऊ नका.

इथे आपल्याकडची एक गंमत. दुपारी दोननंतर समुद्राकडचा वारा सुटला की मिगचा गॅस उडून जातो आणि टाक्यात जाळी पडते, वरून बरी दिसते पण आत पोकळ. सकाळी दहाच्या आत वेल्डिंग करा किंवा मांगराच्या (शेडच्या) पश्चिमेला ताडपत्री बांधा. गॅसशिवायची फ्लक्स तार वाऱ्यात चालते, पण ०.९ च्या पत्र्याला भोकं पाडते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त गॅसलेस मशिनांबद्दल एवढंच म्हणणं आहे की गेट जोडायला ती छान. तारेचं रीळही उघडं ठेवू नका, आठवड्यात गंजून लायनरमध्ये, म्हणजे मशिनच्या तारेच्या नळीत, अडकतं. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर बसलाच पाहिजे, रात्र गेली की तांबूस छटा आलीच म्हणून समजा. मग पॉलियुरेथेन सीलर, रंग, आणि सगळ्यात शेवटी पोकळ्यांमध्ये मेण.

एवढं सगळं लिहून हिशेब मांडला तर पत्रा, तार, प्रायमर यांचा खर्च किरकोळ, पण काम दीडशे तासांचं. जूनच्या आत होणं नाही आणि पावसाळ्यात इपॉक्सी मारणं शहाणपणाचं नाही.

म्हणून बेत बदलतोय. उलटा विचार करू: चांगलं इंजिन विकत मिळतं, चांगला पत्रा मिळत नाही. सांगलीत एक एलएक्सआय आहे, एमएच-१०, जन्म घाटावरचा. खाली कोटिंग नाही, सिलमधला मूळ रंग एंडोस्कोपमध्ये दिसतो. दोष एकच, निळा धूर. म्हणून ती स्वस्त. तर गाडी सांगलीची आणि इंजिन रत्नागिरीचं.

अडचण कागदांची. चेसिस नंबर बॉडीवर असतो, त्यामुळे आरसी सांगलीचीच राहील. पण पूर्ण इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो आणि कलम ५२ प्रमाणे आरटीओत आरसीवर नोंद लागते. दुसऱ्या इंजिनाची खरेदी-पावती आणि त्या गाडीचे कागद नीट हवेत. वीस वर्षं ओलांडलेल्या मोटारीला नूतनीकरणाची फी २०२५ पासून दहा हजार आहे, हरित कर वेगळा, हेही धरून चला. आणि विंटेजच्या सवलतीची स्वप्नं नकोत, तिथे पन्नास वर्षं लागतात. बलेनोचं १५९० सीसीचं इंजिन टाकायचा मोह कोणाला होत असेल तर तोही इथेच आवरा. सीसी बदलली की फिटनेसला प्रश्न आला.

पण थांबा. इंजिन नंबर असतो ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडरांच्या खालच्या भागावर; वरच्या हेडवर, जिथे व्हॉल्व्ह असतात, नाही. मग सांगलीचा धूर नेमका कुठून येतो ते आधी बघायला हवं. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून परत दाबल्यावर, किंवा सिग्नलला उभं राहून निघताना निळा भपका आला तर व्हॉल्व्हचे सील आणि गाइड. सतत जोर लावताना येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. पक्कं करायला ओली कॉम्प्रेशन चाचणी: कोरडा आकडा घ्या, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली इंजिन ऑइल टाका, परत घ्या. आकडा टुणकन वर गेला तर रिंगा. तिथेच राहिला तर दोष वर आहे. वर असला तर रत्नागिरीचं फक्त हेड सांगलीच्या ब्लॉकवर बसवायचं आणि आरटीओची फेरी वाचली.

त्यातही एक मेख आहे. किनाऱ्यावरच्या गाड्यांत कूलंटऐवजी विहिरीचं पाणी घालायची सवय, आणि खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ. ॲल्युमिनियमचं हेड पाण्याच्या वाटांशी खड्डे पडून खाल्लं जातं. रेडिएटरचं झाकण उघडल्यावर रत्नागिरीच्या गाडीत तांबडा गाळ होता, हे त्या दिवशी कॉम्प्रेशनच्या आनंदात नीट मनावर घेतलं गेलं नाही. हेड उतरवल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावायचा, वाक ०.०५ मिमीच्या आत हवा. खड्डे गास्केटच्या कडेपर्यंत पोचले असतील तर कोल्हापूरला उद्यमनगरात भरून फेस करून (घासून सपाट करून) मिळेल, पण मग त्या पैशांत सांगलीच्याच हेडला नवे गाइड आणि सील बसतात.

सांगलीची गाडी कृष्णेच्या पुरातली तर नाही ना, हेही बघायचंय. चिपळूणला २२ जुलै २०२१ नंतर अशा गाड्या धुऊन-पुसून किती विकल्या गेल्या ते आठवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पट्ट्याच्या मुळाशी गाळाची रेघ बघायची, टेल लॅम्पच्या आत, आणि ईसीयूच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशी. सीटखालच्या स्प्रिंगा गंजलेल्या पण वरचं कापड नवं, असं दिसलं तर दाराशीच नमस्कार.

रत्नागिरीच्या मालकाला अजून इसारा दिलेला नाही, सडलेल्या पत्र्यासकट तो किंमत किती उतरवतो ते कळेल. सांगलीला शनिवारी जाणं. सोबत कॉम्प्रेशन गेज, ऑइलची बाटली, प्लगचा पाना, फ्रिजवरचं चुंबक आणि एंडोस्कोप. टोच्या इथेच ठेवायचा बेत होता, पण तोही घेऊन जाऊ.