एक सुताचीही फट नाही

"भाऊ, एक सुताचीही फट दिसणार नाही," सुतारभाऊ आज दुपारी अभिमानानं म्हणाले. होम बारच्या काउंटरमागे केगसाठीचा, म्हणजे बिअरच्या पिंपासाठीचा, चेस्ट फ्रीझर तिन्ही बाजूंनी प्लायवूडमध्ये घट्ट बसवलेला.

काम खरंच सुबक. पण इथे फट हवीच! अशा बहुतेक फ्रीझरच्या कंडेन्सरच्या नळ्या बाजूच्या पत्र्यामागेच असतात, उष्णता तिथूनच बाहेर पडते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 वर असताना, कोंडलेला कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. प्रत्येक बाजूला निदान 4 इंच मोकळे, समोर खाली-वर जाळी, मागे छोटा पंखा.

त्याच नळ्यांमुळे पत्र्याला ड्रिल लावायचं नाही. पेटी आणि झाकणाच्या मध्ये लाकडी चौकट बसवून तिच्यातून बिअरचे नळ काढायचे.

तापमान बाहेरच्या थर्मोस्टॅटवर 3-4 अंश. सेन्सर हवेत लोंबकळत नको, केगला चिकटवून वरून फोमचा तुकडा. केगमधल्या गॅसच्या 12 पीएसआय दाबाला केगपासून नळापर्यंत 3/16 इंची बिअरची नळी साधारण 3 मीटर लागते. आखूड ठेवली की ग्लासात नुसता फेस.

उद्या प्लाय कापावा लागणार. इतक्या मन लावून केलेल्या कामाला करवत लावा, हे त्यांना सांगायचं कसं?