कॉर्नेल मॅट्रिक्स: 180 हर्ट्झची रेघ सापडली!

गेल्या वेळी कबूल केलं होतं की ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या तीन मैफलींतल्या ‘स्कार्लेट-फायर’ची (‘स्कार्लेट बेगोनियाज’ आणि ‘फायर ऑन द माउंटन’ या जोडीची) तुलना लिहीन: विंटरलँड, 18 मार्च 1977 (ही दोन गाणी पहिल्यांदा सलग वाजली ती रात्र), बार्टन हॉल, कॉर्नेल, 8 मे 1977 आणि सीडर फॉल्स, 5 फेब्रुवारी 1978. ती तुलना आजही नाही. सहा आठवडे एकट्या कॉर्नेलनं खाल्ले. पण काल रात्री पावणेदोनला मॅट्रिक्स (एकाच मैफलीची दोन रेकॉर्डिंगं एकावर एक बसवून केलेलं मिश्रण) जुळलं आणि अंधारात बसून मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

साउंडबोर्ड (थेट मिक्सरवरून घेतलेलं रेकॉर्डिंग) हाताशी असताना ऑडियन्स टेप (गर्दीत माइक लावून घेतलेली) कशाला, असं दोघांनी विचारलं होतं. बँडची ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सननं टिपलेलं कॉर्नेल अप्रतिम आहेच. 2017 च्या अधिकृत आवृत्तीत टेपच्या वेगाची लचकही काढलेली आहे, त्यामुळे वेगाच्या बाबतीत तिच्यावर डोळे मिटून विसंबावं. पण त्यात हॉल नाही. ‘स्कार्लेट’ विरघळत जाऊन ‘फायर’चे ते दोन कॉर्ड, बी आणि ए, आकार घेऊ लागतात, तेव्हा समोरची गर्दी काय करत होती ते मला ऐकायचंय. ते माझ्याकडे एकाच ठिकाणी आहे: न्यू जर्सीच्या दादानं 1994 साली दिलेल्या मॅक्सेल एक्सएल-टू नव्वदच्या कॅसेटवर. (आजही त्या टेपला एक डाग नाही. मॅक्सेलसारखी कॅसेट दुसऱ्या कुणी बनवली नाही, हे माझं ठाम मत.)

आता दुखणं. सुमारे 26 मिनिटांच्या या जोडीत कॅसेट साउंडबोर्डच्या साडेतीन सेकंद पुढे पळते. सगळ्या फाइलचा वेग एकाच प्रमाणात कमी केला, की सुरुवात आणि शेवट जुळतात, पण मध्यावर 0.2 सेकंदाचं अंतर उरतं. स्नेअरचा एकेक ठोका घाटात हाक मारल्यासारखा दोनदा येतो. म्हणजे चूक सरळ रेषेत नाही, वेग वाटेत बदलतोय. आधी कॅसेट डेकमधला टेप फिरवणारा रबरी पट्टा बदलला. ऑनलाइन मागवलेला पट्टा आठवड्यात सैल पडला, मग तापकीर गल्लीत जाऊन चौकोनी छेदाचा, हातात ताणून पाहूनच आणला. पट्टे असेच घ्यावेत. छोट्या स्क्रूड्रायव्हरनं टेप वाचणाऱ्या हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ लावला तेव्हा झांजा एकदम उजळल्या, तो आनंद वेगळाच. पण 0.2 सेकंद जागचं हललं नाही. खोट डेकमध्ये नव्हती, कॅसेटवरच्या नकलेतच होती.

ठोक्यांवरून खुणा करून पाहिल्या, पण बार्टन हॉल म्हणजे प्रचंड मोकळी इमारत, घुमाऱ्यात ठोक्याची कड पुसली जाते. मग सुचलं की अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, तेव्हा हॉलमधल्या अँपचा हम (विजेची बारीक घुमघुम) टेपवर असणारच, आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे वारंवारतेच्या आलेखात, तो आडव्या रेघेसारखा दिसणार. ती रेघ जिथे वर चढेल तिथे टेप पळतेय, खाली येईल तिथे रेंगाळतेय. पण 60 वर काही दिसेना. गाणं बीमध्ये, आणि बँडचा बासवादक फिल लेश याच्या बासचा खालचा बी 61.7 हर्ट्झवर! हम त्याच्या बुडाशी गाडला गेलेला. म्हणून पाचवा हार्मोनिक (60 ची पाचपट), 300, पाहिला. लख्ख रेघ, आणि दोरीसारखी सरळ. दोन आठवडे मी त्या रेघेवर विश्वास ठेवून कॅसेटचा वेग अचूक आहे असं धरून चालले आणि घड्याळापासून रेकॉर्डर-सेटिंगपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला. मग एका सकाळी चहा गाळताना लक्षात आलं: 60 गुणिले 5 तीनशे, आणि आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, 50 गुणिले 6 सुद्धा तीनशेच! ती रेघ कॉर्नेलची नव्हतीच. माझ्या घरच्या विजेचा हम डिजिटायझिंग करताना फाइलमध्ये शिरला होता.

म्हणून 180. पन्नासच्या पाढ्यात तो आकडा येत नाही, आणि सर्वांत जवळचा स्वर, एफ शार्प, 185 वर. फाइल सेकंदाला 1000 नमुन्यांवर उतरवली, 8192 नमुन्यांची खिडकी लावली (म्हणजे दर वेळी 8 सेकंदांचा तुकडा), आणि दोन फिकट रेघा उमटल्या. एक हॉलची, दुसरी दादाच्या मित्रानं नक्कल केली तेव्हाची. ओळखायच्या कशा? मैफलीच्या दुसऱ्या भागाआधी टेपरनं (गर्दीत बसून रेकॉर्ड करणाऱ्यानं) रेकॉर्डर थांबवला होता, तिथे जी तुटते ती हॉलची. सुरुवातीला 180.54, मध्यावर 180.18, शेवटी 180.72. हा वाक ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइम ट्रॅकवर (ठिकठिकाणी वेग बदलू देणाऱ्या पट्टीवर) उतरवला. पॉइंट हातानं बसवावे लागतात, वेळखाऊ आहे, पण फुकटात यापेक्षा चांगलं हत्यार मला माहीत नाही. मग 70 टक्के साउंडबोर्ड, 30 टक्के हॉल.

काय सांगू! बँडचा गिटारवादक जेरी गार्सिया, त्याची गिटार मधोमध, आणि तिच्यामागे छप्पर आलं. ‘फायर’ सुरू होताना गर्दीचा आवाज डावीकडून उठून उजवीकडे पसरतो. या गाण्याचं मूळ 1976 च्या ‘डिगा’ अल्बममधल्या बँडचा ड्रमर मिकी हार्ट आणि आपल्या झाकीरभाईंच्या तालचक्रात आहे, ते आता दोन ड्रमर वेगवेगळे ऐकू येताना अंगावर येतं. बफेलोची, 9 मेची रात्र कॉर्नेलपेक्षा सरस असं मी इथेच लिहिलं होतं. निदान या 26 मिनिटांपुरतं ते मागे घेते.

हे टाइप करतानाच एक गोष्ट खटकली. ग्रिडची वारंवारताही काटेकोर साठ नसते, शतांशानं हलते. पण त्या रात्री साउंडबोर्डची यंत्रं आणि हॉलमधले अँप एकाच ग्रिडवर होते! साउंडबोर्डमध्येही 180 ची रेघ मिळाली, तर दोन्हींचं गुणोत्तर काढायचं, ग्रिडची चूक आपोआप कटेल. मग टाइम ट्रॅक नव्यानं करावा लागेल, पण हरकत नाही. आणि सुरुवात ‘स्कार्लेट’पासून नको, त्याच रात्रीच्या ‘मॉर्निंग ड्यू’ या गाण्यापासून. त्यातल्या शांत जागी बास जवळजवळ थांबते, तिथे रेघ उघडी मिळेल. सीडर फॉल्स पुढच्या महिन्यात. कुणाकडे त्या रात्रीची कमी पिढ्यांची (नकलेची नक्कल फारशी न झालेली) ऑडियन्स टेप असेल तर लिनिएजसकट, म्हणजे कशावरून कशावर नक्कल झाली त्या नोंदीसकट, कळवा.